चार गावे, एकच प्रक्षेपण : राउटरांवर मल्टिकास्ट राउटिंग बसवताना

रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि चिपळूण, दापोली व कुडाळ येथे शाखा असलेली एक शिक्षणसंस्था आहे, असे समजू. रत्नागिरीच्या सभागृहात चाललेले व्याख्यान प्रत्येक शाखेतील वीस वर्गांत त्याच वेळी दिसावे, एवढीच संस्थेची मागणी आहे. व्याख्यानाच्या चित्राचा डिजिटल प्रवाह करणाऱ्या एन्कोडरमधून निघणारा प्रवाह ४ एमबीपीएसचा आहे आणि शाखेची लीज्ड लाइन ५० एमबीपीएसची आहे. प्रत्येक वर्गात तो प्रवाह पडद्यावर दाखवणाऱ्या डिकोडरने स्वतःची वेगळी प्रत मागितली, तर एकाच शाखेकडे ८० एमबीपीएस निघतात आणि लाइन तिथेच तुंबते. मल्टिकास्टमध्ये मात्र लाइनवरून एकच प्रत, म्हणजे ४ एमबीपीएसच, जाते आणि पुढच्या प्रती शाखेतल्या स्विचवर तयार होतात.

पोफळीच्या बागेत पाटाने पाणी देताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मुख्य पाट एकच असतो आणि ज्या अळ्याला पाणी हवे असेल त्याचेच तोंड उघडले जाते. पिम या राउटिंग प्रोटोकॉलचा स्पार्स मोड असाच चालतो : कोणी मागितल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. डेन्स मोडमध्ये याउलट सगळी तोंडे आधी उघडली जातात, ज्याला पाणी नको त्याने ते बंद करायला सांगायचे असते आणि काही मिनिटांनी तोंडे पुन्हा उघडतात. लीज्ड लाइनचे पैसे मोजणाऱ्या संस्थेत डेन्स मोडला जागा नाही, म्हणून यापुढे तो विषय काढलेला नाही.

खाली दिलेल्या आज्ञा सिस्कोच्या आयओएस पद्धतीच्या आहेत आणि येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात. इतर कंपन्यांच्या राउटरांवर शब्द बदलतात, तत्त्व तेच राहते.

आधी दिशा समजून घ्यावी

साध्या राउटिंगमध्ये राउटर पॅकेटला विचारतो, ‘तुला कुठे जायचे आहे?’ मल्टिकास्टमध्ये तो विचारतो, ‘तू कुठून आलास?’ पॅकेट ज्या इंटरफेसवर आले, त्याच इंटरफेसवरून स्रोताकडे परत जाण्याचा मार्ग राउटिंग टेबलमध्ये असेल तरच ते पुढे पाठवले जाते. नसेल तर टाकून दिले जाते. या तपासणीला रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग, थोडक्यात आरपीएफ, म्हणतात. आरपीएफ म्हटले की आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावरचा जवान आठवतो, आणि गंमत म्हणजे तोही बहुतेक वेळा ‘कुठून आलात?’ असेच विचारतो. मल्टिकास्ट बंद पडल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ याच एका तपासणीत सापडले आहे, म्हणून कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी ही उलटी दिशा मनात पक्की करावी.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्या ज्या मार्गाने साधे राउटिंग कधीकाळी जाऊ शकते, त्या प्रत्येक मार्गावर पिम चालू असले पाहिजे. एका पावसाळ्याच्या तोंडावर मी हे किंमत मोजून शिकलो. रत्नागिरी आणि चिपळूण यांच्यामधली फायबर संगमेश्वराच्या अलीकडे रस्त्याच्या खोदकामात तुटली. राखीव ब्रॉडबँडवरच्या टनेलने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या आभासी मार्गाने, काही सेकंदांत काम हाती घेतले. मेल चालू होते, फोन चालू होते, पटावरची हजेरीसुद्धा भरली जात होती. फक्त वीस वर्गांतले पडदे काळे होते. चिपळूणच्या राउटरवर मल्टिकास्ट टेबल दाखवणारी ‘शो आयपी एमराउट’ ही आज्ञा दिली तेव्हा इनकमिंग इंटरफेसपुढे ‘नल’, म्हणजे कोणताच नाही, आणि आरपीएफ शेजाऱ्यापुढे ०.०.०.० असे उत्तर आले. स्रोताकडे जाणारा मार्ग आता टनेलमधून होता आणि टनेलवर पिमची ओळ लिहायची मीच विसरलो होतो. दोन्ही टोकांना एकेक ओळ लिहिल्यावर चित्र आले. तोवर व्याख्यान संपत आले होते.

गटाचा पत्ता निवडणे

एका प्रवाहाचे सगळे श्रोते मिळून एक गट होतो आणि प्रवाह त्या गटाच्या पत्त्यावर पाठवला जातो. आयपी आवृत्ती ४ मध्ये मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात. त्यांपैकी २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटरांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी राखलेला आहे आणि त्यातले पॅकेट राउटर कधीही पुढे पाठवत नाही : राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या ओएसपीएफ प्रोटोकॉलचे २२४.०.०.५ आणि पिमचे २२४.०.०.१३ याच पट्ट्यात येतात. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते आहेत आणि त्यांतही २३९.१९२.०.० पासून २३९.१९५.२५५.२५५ पर्यंतचा भाग एका संस्थेच्या हद्दीसाठी ठरवून दिलेला आहे. आपल्या व्याख्यानासाठी २३९.१९२.२०.१ हा पत्ता घेऊ.

येथे एक खाचखळगा आहे. इथरनेटवर गटाचा मॅक पत्ता, म्हणजे स्विच पाहतो तो पत्ता, तयार करताना आयपी पत्त्याचे शेवटचे फक्त २३ बिट घेतले जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या गटांचा मॅक पत्ता एकच निघतो. २३९.१२८.०.५ हा पत्ता दिसायला निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा मॅक पत्ता २२४.०.०.५ च्या मॅक पत्त्यासारखाच असतो आणि त्या राखीव पट्ट्याची रहदारी स्विच सर्व पोर्टांवर सोडत असतो. म्हणून ज्या पत्त्याचा दुसरा आकडा ० किंवा १२८ आणि तिसरा ० आहे, तो टाळावा. गटांची एक वही ठेवावी. कोणता पत्ता कोणत्या कामासाठी दिला हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

रत्नागिरीचा राउटर

स्पार्स मोडमध्ये स्रोत आणि श्रोते यांची पहिली गाठ एका ठरलेल्या राउटरवर पडते. त्याला रॉन्देव्हू पॉइंट, म्हणजे आरपी, म्हणतात. आपल्या जाळ्यात स्रोत रत्नागिरीत असल्यामुळे आरपीही रत्नागिरीतच ठेवावा. त्यासाठी भौतिक पोर्टाचा नव्हे, तर लूपबॅकचा, म्हणजे राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसचा, पत्ता वापरावा, कारण केबल निघाली तरी लूपबॅक खाली जात नाही. रत्नागिरीच्या राउटरवर पुढील ओळी द्याव्यात :

आयपी मल्टिकास्ट-राउटिंग डिस्ट्रिब्युटेड
इंटरफेस लूपबॅक ०
आयपी ॲड्रेस १०.२५५.०.१ २५५.२५५.२५५.२५५
आयपी पिम स्पार्स-मोड
आयपी ॲक्सेस-लिस्ट स्टँडर्ड गट-यादी
परमिट २३९.१९२.०.० ०.३.२५५.२५५
आयपी पिम आरपी-ॲड्रेस १०.२५५.०.१ गट-यादी
नो आयपी पिम डीएम-फॉलबॅक

काही जुन्या मॉडेलांवर पहिल्या ओळीतला ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द चालत नाही. तेथे तो गाळावा. आरपीच्या ओळीत गट-यादी जोडण्याचे कारण पहिल्याच दिवशी दिसून येते. कार्यालयातले प्रिंटर, टीव्ही आणि संगणक एकमेकांना शोधण्यासाठी २३९.२५५.२५५.२५० या गटावर सतत हाका मारत असतात. यादी नसेल तर राउटरच्या मल्टिकास्ट टेबलमध्ये व्याख्यानाची एक नोंद आणि या हाकांच्या शेकडो नोंदी अशी अवस्था होते. शेवटची ओळ एवढ्याचसाठी की, यादीबाहेरच्या गटाला आरपी मिळाला नाही म्हणून तो डेन्स मोडकडे झुकू नये.

लूपबॅकचा पत्ता ओएसपीएफमध्ये जाहिरात झालेला असावा. त्यानंतर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ ही ओळ सभागृहाच्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळे काढलेल्या आभासी जाळ्यावर), तिन्ही शाखांकडे जाणाऱ्या इंटरफेसवर आणि राखीव टनेलवर लिहावी. इंटरनेट सेवादात्याकडे जाणाऱ्या पोर्टावर ती चुकूनही लिहू नये.

आरपी स्वतः शोधून काढणाऱ्या ऑटो-आरपी आणि बीएसआर या पद्धती उपलब्ध आहेत. चार ठिकाणांच्या जाळ्यात मला त्या अनावश्यक वाटतात : हाताने लिहिलेला आरपी कुठे आहे हे कॉन्फिग वाचताच कळते. त्याची अट एकच आहे. आरपीची ओळ प्रत्येक राउटरवर, अगदी आरपी असलेल्या राउटरवरही, अक्षरशः सारखी असली पाहिजे. एका शाखेत पत्त्याचा एक आकडा चुकला तर ती शाखा मुकाट्याने बाहेर राहते आणि कोणताही दोषसंदेश येत नाही.

शाखांचे राउटर

शाखेच्या राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग चालू करावे, गट-यादी, आरपी आणि डीएम-फॉलबॅकची ओळ जशीच्या तशी द्यावी, आणि लीज्ड लाइन, टनेल व वर्गांचा व्हीलॅन या तिन्हींवर स्पार्स मोड द्यावा. वर्गांच्या व्हीलॅनवर दुसरा राउटर नसेल तर तेथे ‘आयपी पिम पॅसिव्ह’ वापरणे जास्त सुरक्षित असते. त्यामुळे डिकोडरांच्या मागण्या ऐकल्या जातात, पण एखाद्या विद्यार्थ्याने लॅपटॉपवर पिम चालवून शेजारी राउटर असल्याची बतावणी केली तरी ती मानली जात नाही.

व्हीलॅनवर दोन राउटर असतील तर दोन वेगळ्या निवडणुका होतात आणि त्यांचे नियम उलटे आहेत. आयजीएमपी हा श्रोते राउटरकडे गट मागतात तो प्रोटोकॉल. त्याच्या आवृत्ती २ मध्ये ‘कोणाला कोणता गट हवा?’ असा प्रश्न विचारणारा, म्हणजे क्वेरियर, लहान आयपी पत्त्याचा राउटर होतो. व्हीलॅनच्या मागण्या आरपीकडे पाठवणारा पिमचा डेझिग्नेटेड राउटर (डीआर) मात्र मोठ्या पत्त्याचा होतो. दुरुस्तीला गेलेला माणूस एकाच राउटरवर दोन्ही कामे शोधत बसतो आणि तासभर वाया जातो. ‘आयपी पिम डीआर-प्रायॉरिटी’ देऊन डीआर कोण हे स्वतः ठरवावे.

टनेलविषयी जरा थांबून सांगायला हवे. सार्वजनिक इंटरनेट मल्टिकास्ट वाहून नेत नाही आणि पॅकेटे सांकेतिक करून नेणारा साधा आयपीसेक बोगदा फक्त एकाकडून एकाकडे जाणारी पॅकेटे ओळखतो, म्हणून आयपीसेकच्या आत मल्टिकास्ट पॅकेट साध्या पॅकेटात गुंडाळणारा जीआरई टनेल करावा लागतो. टनेलवर ओएसपीएफ चालवून त्याची कॉस्ट लीज्ड लाइनपेक्षा जास्त ठेवावी. मग लाइन तुटली की साधे राउटिंग टनेलवर जाते आणि आरपीएफही त्याच्यामागून जाते. काही ठिकाणी याऐवजी ‘आयपी एमराउट’ ही स्थिर ओळ लिहून आरपीएफ टनेलकडे वळवलेले दिसते. ती ओळ साध्या राउटिंग टेबलपेक्षा वरचढ ठरते, त्यामुळे मुख्य लाइन ठणठणीत असतानाही राउटर व्याख्यान टनेलवरूनच मागत राहतो. अगदी नाइलाजाने ती लिहावी लागली तर स्रोताच्या जाळ्यासाठी एक आणि आरपीच्या पत्त्यासाठी एक अशा दोन ओळी लिहाव्यात, कारण श्रोत्याची पहिली मागणी स्रोताकडे नव्हे, आरपीकडे जाते. दुसरी ओळ बहुतेक जण विसरतात.

टनेलमधल्या पॅकेटच्या आकाराची काळजी मात्र फारशी करावी लागत नाही. एन्कोडर साधारणपणे १८८ बाइटांची सात ट्रान्सपोर्ट पॅकेटे एकत्र बांधतो, म्हणजे १३१६ बाइट. त्यावर यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० मिळून १३४४ होतात. जीआरई टनेलची मर्यादा १४७६ बाइटांची असते, तेव्हा हे आत सहज बसते.

स्विच

आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे डिकोडरांच्या मागण्या ऐकून फक्त मागणाऱ्या पोर्टांवर गट सोडण्याची सोय, बहुतेक मॅनेज्ड स्विचांवर आधीपासून चालू असते आणि ते तसेच राहू द्यावे. ते बंद केले तर व्याख्यान त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टावर, लेखापालाच्या संगणकासकट, पसरते. स्नूपिंग चालू असताना एक लक्षण ओळखून ठेवावे : चित्र व्यवस्थित सुरू होते आणि चारपाच मिनिटांनी आपोआप थांबते. याचा अर्थ व्हीलॅनवर कोणीही क्वेरियर नाही. प्रमाणित वेळांप्रमाणे क्वेरी दर १२५ सेकंदांनी जाते आणि गटाचे सदस्यत्व त्याच्या दुप्पट अधिक १०, म्हणजे २६० सेकंद, टिकते. प्रश्न विचारणाराच नसेल तर ही मुदत संपताच स्विच पोर्ट बंद करतो. राउटरच्या त्या इंटरफेसवर पिम दिले की क्वेरियर आपोआप मिळतो.

वर्गातले डिकोडर केबलनेच जोडावेत. वायफायवर मल्टिकास्ट पॅकेटे सहसा सर्वांत कमी वेगाने पाठवली जातात आणि पोचपावती नसल्यामुळे हरवलेले पॅकेट पुन्हा येत नाही.

तपासणी कोणत्या टोकाकडून करावी

चित्र दिसत नसेल तर श्रोत्याकडून सुरुवात करून स्रोताकडे जावे, कारण स्पार्स मोडमध्ये मागणीही त्याच दिशेने जाते. शाखेच्या राउटरवर ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’ दिल्यावर २३९.१९२.२०.१ दिसला नाही, तर डिकोडरची मागणीच राउटरपर्यंत आलेली नाही आणि दोष व्हीलॅन किंवा स्विच यांच्यात आहे. गट दिसत असेल तर ‘शो आयपी पिम नेबर’ने लीज्ड लाइनपलीकडचा राउटर शेजारी म्हणून आला आहे का, ते पाहावे. शेजाऱ्यांना ओळख देणारा पिमचा हॅलो संदेश दर ३० सेकंदांनी जातो, तेव्हा ओळ नुकतीच लिहिली असेल तर अर्धा मिनिट धीर धरावा. त्यानंतर ‘शो आयपी आरपीएफ १०.२५५.०.१’ आणि एन्कोडरच्या पत्त्यासाठी ‘शो आयपी आरपीएफ १०.१०.२०.१५’ या दोन्ही आज्ञा द्याव्यात. दोन्हींचे उत्तर अपेक्षित इंटरफेस आणि अपेक्षित शेजारी असेच आले पाहिजे.

आता ‘शो आयपी एमराउट २३९.१९२.२०.१’ वाचावे. तारांकन (*) आणि गट अशी एक नोंद आरपीकडे जाणाऱ्या सामाईक झाडाची, म्हणजे वितरणाच्या मार्गांच्या जाळ्याची, असते; स्रोताचा पत्ता आणि गट अशी दुसरी नोंद थेट स्रोताकडे जाणाऱ्या जवळच्या झाडाची असते. सिस्कोचा राउटर पहिले पॅकेट येताच दुसऱ्या झाडावर उडी मारतो. दुसरी नोंद असेल, तिच्यापुढे ‘टी’ हे अक्षर असेल आणि आउटगोइंग यादीत वर्गांचा व्हीलॅन असेल, तर राउटरने आपले काम केलेले आहे. पहिलीच नोंद असेल आणि दुसरी कधीच येत नसेल, तर शाखा सोडून रत्नागिरीकडे वळावे.

रत्नागिरीत गेल्यावर संशयित क्रमांक एक नेहमी टीटीएल, म्हणजे पॅकेटने किती राउटर ओलांडावेत याची मर्यादा, असतो. अनेक एन्कोडर आणि प्रक्षेपणाची सॉफ्टवेअरे कारखान्यातून टीटीएल १ लावून येतात. सभागृहाच्याच व्हीलॅनवर लॅपटॉप लावून पाहिले तर चित्र सुंदर दिसते आणि तंत्रज्ञ शपथेवर सांगतो की एन्कोडर चांगला आहे. तो खरेच चांगला असतो; फक्त त्याचे पॅकेट पहिल्या राउटरवर मरते. ‘शो आयपी ट्रॅफिक’ दोनदा देऊन ‘बॅड हॉप काउंट’ हा आकडा झपाट्याने वाढतो आहे का, ते पाहावे आणि एन्कोडरच्या मेनूत टीटीएल १६ किंवा ३२ करावा.

एन्कोडर हाताशी नसताना चाचणी करायची असेल, तर शाखेच्या राउटरच्या वर्गांकडील इंटरफेसवर ‘आयपी आयजीएमपी जॉइन-ग्रुप २३९.१९२.२०.१’ देऊन सभागृहाच्या व्हीलॅनमधून त्या गटाला पिंग करावे. शाखेच्या राउटरने उत्तर दिले तर मार्ग मोकळा आहे. चाचणी संपताच ही ओळ काढावी, कारण ती असेपर्यंत गटाचे प्रत्येक पॅकेट राउटरच्या प्रोसेसरकडेही जाते आणि ४ एमबीपीएसचे चित्र त्याच्या माथी मारणे बरे नव्हे.

बंदोबस्त

कोणत्याही संगणकाने उठून गटावर प्रक्षेपण करू नये यासाठी रत्नागिरीत, स्रोताची आरपीकडे नोंद करणारे रजिस्टर संदेश गाळणाऱ्या ‘आयपी पिम ॲक्सेप्ट-रजिस्टर’ला एक यादी जोडावी आणि तीत फक्त एन्कोडरचा पत्ता ठेवावा. सभागृहाचा व्हीलॅन खुद्द आरपीच्याच राउटरवर असेल तर तेथल्या स्रोतासाठी रजिस्टर संदेश निघत नाही, म्हणून त्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर आत येणाऱ्या रहदारीला साधी ॲक्सेस-लिस्टही लावावी. डिकोडर आयजीएमपी आवृत्ती ३ बोलत असतील तर २३२ ने सुरू होणारे गट आणि एसएसएम (सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट) ही पद्धत घ्यावी : तीत श्रोता स्रोताचे नावच घेऊन मागतो आणि आरपीची गरजच उरत नाही. नवे जाळे उभे करताना मी आधी हेच विचारतो. जुन्या डिकोडरांमुळे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी येते.

सर्व झाल्यावर ‘राइट मेमरी’ द्यावे. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी ढग भरून आले की लाईट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी असते, आणि जतन न केलेली सगळी कॉन्फिग राउटर पुन्हा सुरू होताना विसरतो.

राखीव मार्गाची परीक्षा एप्रिलमध्ये, सुट्टीच्या दिवशी घ्यावी. चिपळूणच्या एका वर्गात डिकोडर चालू ठेवून एका माणसाला पडद्यासमोर फोन घेऊन बसवावे आणि रत्नागिरीत लीज्ड लाइनची केबल हाताने काढावी. पडदा काळा होऊन किती सेकंदांत चित्र परत आले ते त्याने मोजावे, आपण चिपळूणच्या राउटरवर इनकमिंग इंटरफेस टनेल झाला आहे का ते पाहावे. मग केबल परत लावून चित्र टनेलवरून लाइनवर आल्याची खात्री करावी, कारण जाण्याचा मार्ग नीट असून परतण्याचा अडलेला मी दोनदा पाहिला आहे. हीच कसरत दापोली आणि कुडाळसाठी करून तिन्ही आकडे गटांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.